अमरावतीहून अमेरिका किती लांब?

अमरावतीहून अमेरिका किती लांब आहे, या प्रश्नास भूगोलाच्या पुस्तकात एक उत्तर मिळते, विमानाच्या तिकिटावर दुसरे मिळते, आणि ज्या घरातील मुलगा तिकडे राहतो त्या घरच्या मंडळींस विचारले असता तिसरेच मिळते. तिन्ही उत्तरे खरी. पण ती एकमेकांशी जुळत मात्र नाहीत. आमच्या ओळखीच्या वऱ्हाडी घरांपैकी ज्यातील एखादा मुलगा, पुतण्या, भाची किंवा जावई समुद्रापार गेला नाही असे घर आता शोधावेच लागेल. त्यामुळे हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही, व म्हणूनच त्याचा थोडा हिशेब वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम भूगोलाचे उत्तर पाहू. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डाव्या हाताच्या टोकास असते. यामुळे ती आपल्या पश्चिमेस आहे अशी समजूत लहानपणापासून मनात घट्ट बसलेली असते. सायंकाळी तुळशीपुढे दिवा लावून मावळतीकडे पाहत "तिकडे आता उजाडत असेल" असे म्हणणाऱ्या आज्या आम्ही पाहिल्या आहेत. वाचकांपैकी ज्यांच्या घरी मुलांचा पृथ्वीगोल असेल त्यांनी एक गंमत करून पाहावी. शाळेत असतो तसा पंचवीस सेंटिमीटर व्यासाचा गोल घेतला, तर त्याचा घेर सुमारे ऐंशी सेंटिमीटर भरतो. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर. म्हणजे गोलावरील एक सेंटिमीटर तो प्रत्यक्षात पाचशे किलोमीटर. आता एका दोऱ्याचे टोक अमरावतीवर धरावे (एवढ्याशा गोलावर अमरावतीचे नाव कोण छापणार! नागपूरच्या किंचित डावीकडे धरावे म्हणजे झाले), दुसरे टोक सानफ्रान्सिस्कोवर ठेवावे, आणि दोरा ताणावा. तो पश्चिमेस मुळीच जात नाही. तो सरळ उत्तरेची वाट धरतो, किंबहुना किंचित पूर्वेस झुकतो. मोर्शीच्या अंगाने सातपुडा ओलांडून, हिमालय, तिबेट, सैबेरिया असे करीत तो उत्तर ध्रुवसमुद्राच्या कडेस लागतो व अलास्कावरून खाली उतरतो. न्यूजर्सीकडे ताणलेला दोरा थोडा डावीकडे वळतो, पण तोही मेळघाटाच्या डोंगरांवरूनच वर जातो. तात्पर्य, आमच्या आज्यांनी मावळतीकडे न पाहता चिखलदऱ्याच्या बाजूस पाहावयास हवे होते.

हा दोरा मोजला तर अमरावती ते सानफ्रान्सिस्को सुमारे तेरा हजार एकशे सत्तर किलोमीटर भरतात आणि न्यूजर्सीच्या नेवार्क विमानतळापर्यंत सुमारे बारा हजार पाचशे सत्तर. आता हाच दोरा मुंबईवरून ताणून पाहावा. मुंबईहून सानफ्रान्सिस्को सुमारे तेरा हजार पाचशे दहा किलोमीटर आहे. म्हणजे अमरावतीचा मनुष्य अमेरिकेस जाण्यासाठी साडेपाचशे किलोमीटर तुडवून मुंबईस येतो तेव्हा तो अमेरिकेच्या जवळ तर येत नाहीच, उलट तीनशे चाळीस किलोमीटर दूर गेलेला असतो! नेवार्कच्या बाबतीत हिशेब थोडा बरा आहे. साडेपाचशे किलोमीटरांच्या खटाटोपात तेथे पंचवीस-तीस किलोमीटर वाचतात, म्हणजे अकोल्याहून बाळापूरला जावे एवढे. आम्ही हे आकडे एका सुशिक्षित गृहस्थांपुढे ठेविले असता त्यांनी प्रथम आमच्याकडे संशयाने पाहिले, मग घरातील नातवाचा गोल मागवून स्वतः दोरा ताणला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

पण गोलावर दोरा ताणणे सोपे. मनुष्यास तो जसा ताणला तसा जाता येत नाही. त्यास रस्ता, रूळ, बंदर व धावपट्टी जेथे असेल तेथूनच जावे लागते. वऱ्हाडचा रस्ता गेली दीडशे वर्षे मुंबईवरून जातो, आणि त्याचे कारण कापूस. १८५३ साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या हाती आला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला व आमच्या काळ्या मातीतील बोंडांस एकाएकी सोन्याचा भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा भुसावळहून अकोला व बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला, तो मुख्यत्वे या गाठोड्यांसाठी. मनुष्ये मागाहून त्याच वाटेने गेली. अमरावती शहर स्वतः मुख्य रुळावर नाही. बडनेऱ्याहून नऊ-दहा किलोमीटरांचा एक छोटा फाटा तेथवर आणलेला आहे. १८९७ च्या डिसेंबरात सर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभा अमरावतीस भरली, तेव्हाही बाहेरगावचे प्रतिनिधी याच लोहमार्गाने वऱ्हाडात उतरले.

अमरावतीचे दादासाहेब खापर्डे लोकमान्यांच्या अपिलाच्या कामासाठी १९०८ साली विलायतेस गेले, ते १९१० साली परतले. त्या काळी मुंबईहून बोटीने विलायतेस पोहोचण्यास दोन-तीन आठवडे लागत; पत्र जाऊन त्याचे उत्तर येण्यास महिना-सव्वा महिना जाई. इकडे घरी काय घडले ते तिकडे कळे, तोवर ते घडून जुने झालेले असे. त्या घरांतील माणसांना वाट पाहण्याचा एक वेगळाच सराव असला पाहिजे. कोणी दुखण्यात असला तर "अमका येईपर्यंत थांबू" हा विचारच मनात येत नसे, कारण तो येणे शक्यच नव्हते. एअर इंडियाचे पहिले विलायती विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनकडे उडाले व १९६० च्या मे महिन्यात तिची न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. तेव्हापासून 'येणे शक्य आहे' अशी स्थिती आली. आणि आमच्या मते घरांतील सारी कुचंबणा तेथूनच सुरू झाली. अशक्य गोष्टीपुढे मनुष्य मान तुकवितो; पण शक्य असलेली गोष्ट थोडक्यासाठी हुकावी, हे त्यास सहन होत नाही.

आता तिकिटावरचे उत्तर. थेट विमान मिळाले तर मुंबईहून सानफ्रान्सिस्कोस सोळा-सतरा तास लागतात. हाही आकडा स्थिर नाही. वाऱ्याचा जोर, ऋतू, आणि खालच्या देशांची मर्जी यांवर तो हलतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांस बंद केले तेव्हा उत्तर भारतातून अमेरिकेकडे जाणाऱ्या आमच्या विमानांस लांबचा वळसा पडला व कित्येकांस वाटेत तेल घेण्यासाठी उतरावे लागले. दोन सरकारांतील बेबनाव असा कोठल्या कोठे अमरावतीच्या एखाद्या स्वयंपाकघरात येऊन पोहोचतो, आणि आई म्हणते, "या खेपेस त्याला तीन तास जास्त लागले, बाई!"

वऱ्हाडच्या बाजूस मात्र एक चांगली गोष्ट घडली. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळ बेलोरा येथील विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. धावपट्टी अठराशे पन्नास मीटरांची. तीवर मोठी समुद्रापारची विमाने उतरू शकत नाहीत, पंख्यांची, सत्तरएक माणसांची विमाने उतरतात. प्रारंभी आठवड्यातून तीन दिवस ही सेवा ठेविली होती व वेळ पावणेदोन तासांची. जो प्रवास रात्रीच्या गाडीने सायंकाळी निघून दुसऱ्या दिवशी सकाळी संपतो, तो पावणेदोन तासांत होतो, हे ऐकून आमच्या अकोल्याच्या नातलगांस काय वाटले असेल ते लिहावयास नको. त्यांच्या शिवणीस १९४३ सालापासून विमानतळ आहे. पण धावपट्टी आखूड. ती वाढविण्यासाठी शेजारची जमीन हवी. आणि ती गोष्ट वर्षानुवर्षे कागदावरून कागदावर प्रवास करीत राहिली. शिवणी व बेलोरा यांच्यामध्ये सरळ रेषेत सत्तर किलोमीटर अंतर असेल नसेल. अकोल्याच्या मनुष्यास विमानाने मुंबईस जाण्याची इच्छा झाली, तर त्याने अगोदर मुंबईकडे पाठ करून अमरावतीच्या दिशेने यावे! आमचे एक मेहुणे यास ठाम नकार देतात. ते म्हणतात, "उलटे जाऊन सुलटे येण्यापेक्षा मी आपला रेल्वेत झोपून जाईन." यात सोयीचा विचार किती व अकोल्याचा अभिमान किती, हे त्यांसच ठाऊक.

त्या दोन शहरांमधला रस्ता मात्र जगप्रसिद्ध आहे. जून २०२२ मध्ये अमरावती व अकोल्याच्या दरम्यान पंचाहत्तर किलोमीटरांची डांबरी पट्टी एकशे पाच तास तेहतीस मिनिटांत अखंड घालण्यात आली व तिची नोंद गिनीज बुकात झाली. ज्या वऱ्हाडात मुर्तिजापूर ते अचलपूर या शहात्तर किलोमीटरांस अरुंद रुळांवरची 'शकुंतला' चार तास घेत असे, व जिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धापा टाकीत होते, त्याच वऱ्हाडात हे घडावे, याचे आम्हांस अजून हसू येते. शकुंतला आता चालत नाही. जून २०२५ मध्ये मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गही सातशे एक किलोमीटर पुरा झाला. तेव्हा रस्ता, रूळ व आकाश या तिन्ही वाटांनी वऱ्हाड मुंबईच्या जवळ सरकले आहे, यात शंका नाही.

आता तिसरे उत्तर राहिले. त्यासाठी आमच्याच घरातील एक प्रसंग सांगणे भाग आहे.

आमचे थोरले बंधू, ज्यांस घरात सर्वजण अण्णा म्हणत, अमरावतीस एका शाळेत भूगोल शिकवीत असत. त्यांचा एकुलता मुलगा कॅलिफोर्नियात असतो. वर सांगितलेला दोऱ्याचा खेळ आम्हांस त्यांनीच प्रथम दाखविला. २०२३ च्या मार्गशीर्षात, एका मंगळवारी पहाटे चार वाजता अण्णा गेले. तिकडे त्या वेळी सोमवारची दुपार होती, अडीच वाजले होते. फोनवर मुलगा एवढेच म्हणाला, "काका, मी निघतो." मग वहिनींनी आमच्याकडे पाहून विचारले, "भाऊजी, किती वेळ लागेल त्याला?"

या साध्या प्रश्नाचे उत्तर घरातील कोणासही देता येईना. तेरा हजार किलोमीटर हे उत्तर नव्हे, आणि सतरा तास हेही नव्हे. अकोल्याहून आत्या दोन तासांत येऊन पोहोचल्या होत्या. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते: एकुलता मुलगा आहे, बर्फाची पेटी मागवा व थांबा, हल्ली सगळेच थांबतात. दुसऱ्या बाजूस शेजारचे गुरुजी हलक्या आवाजात सांगत होते की, प्रेत रात्रभर ठेवू नये, पुतण्या अग्नी देऊ शकतो, त्यास शास्त्राचा आधार आहे. दोघांपैकी कोणीही चुकीचे बोलत नव्हते. आणि वहिनी दोघांकडे आळीपाळीने पाहत होत्या.

हा तिढा सोडविला तो अण्णांनीच. गणपतीच्या सुमारास, प्रकृती बरी असताना, एका दुपारी त्यांनी वहिनी व आम्ही अशा दोघांस बसवून सांगितले होते, "माझे काही झाले तर त्याला कळवा, पण त्याच्यासाठी मला ठेवू नका. तो धावत येईल, कुठेतरी त्याचे विमान चुकेल, इकडे तुम्ही घड्याळ धरून बसाल, आणि तो बिचारा आयुष्यभर ते तास मोजीत राहील. त्याला सावकाश येऊ द्या." त्या वेळी वहिनी रागावून उठून गेल्या होत्या. त्या मंगळवारी मात्र त्यांनीच ते शब्द जसेच्या तसे आत्यांपुढे उच्चारले. आत्या गप्प झाल्या. पण त्यांना ते पटले असे आम्ही म्हणणार नाही. दुपारी आमच्या मुलाने अग्नी दिला.

पुतण्या बुधवारी रात्री आठ वाजता दारात उभा राहिला; अण्णा जाऊन त्यास बरोबर चाळीस तास झाले होते. त्या चाळीस तासांचा हिशेब त्याने मागाहून आम्हांस सांगितला, तो ऐकण्यासारखा आहे. तिकीट मिळवून, घर आवरून विमान जमिनीवरून उठेपर्यंत साडेसहा तास. आखातातील एका शहरी विमान बदलून मुंबईस उतरेपर्यंत बावीस तास, त्यांपैकी तीन नुसते बाकावर बसून. मुंबईच्या विमानतळातून बाहेर पडण्यास दीड तास. आणि मोटारीने अमरावतीपर्यंत दहा. एकूण चाळिसांपैकी आकाशात गेलेले तास एकोणीस. उरलेले एकवीस जमिनीवरचे. त्या वेळी बेलोऱ्याची सेवा असती, व तो दिवस नेमका विमानाचा निघाला असता, तरी दुपारचे विमान गाठून चाळिसांचे सदतीस झाले असते इतकेच. म्हणून विमानतळ व्यर्थ आहे असे कोणी समजू नये. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसास रात्रभराच्या गाडीऐवजी पावणेदोन तास बसणे हे केवढे सुख आहे, हे ज्याचे त्यास कळते. परंतु अशा प्रसंगी जी घाई मनुष्यास सुटते, तिला ते पुरे पडणार नाही, एवढेच आमचे म्हणणे.

पुतण्या त्या रात्री आमच्याशी फारसा बोलला नाही. दुसऱ्या दिवशी अस्थिसंचयन त्याच्याच हातून झाले, पुढचे दहा-बारा दिवसही त्यानेच केले; पण अग्नी का थांबविला नाही, हा प्रश्न त्याच्या तोंडावर आम्हांस दिसत असे. सहाव्या की सातव्या दिवशी वहिनींनी त्यास अण्णांचे ते बोलणे सांगितले. तो अंगणात जाऊन बराच वेळ बसला. परत आला तेव्हा त्याने विचारले, "बाबा हे मला का बोलले नाहीत?" याचे उत्तर वहिनींजवळ नव्हते, आमच्याजवळही नव्हते. आमचे मत विचाराल, तर अण्णांनी ठरविले ते योग्यच होते. फक्त त्या दुपारी ज्या दोघांस त्यांनी बसविले, त्यांत तिसरा फोनवर असावयास हवा होता. ज्या घरांतील मुले दूर आहेत, त्या घरांनी हे बोलणे अशुभ समजून टाळू नये. थांबावयाचे ठरो वा न थांबावयाचे ठरो. पण ते पहाटे चार वाजता, आत्या व गुरुजी यांच्यामध्ये उभे राहून ठरविण्याची पाळी येऊ नये.

वर्षश्राद्धाच्या वेळी आणखी एक शंका निघाली. अण्णा गेले तेव्हा येथे मंगळवार व तेथे सोमवार. मग तिकडे मुलाने तिथी कोणती धरावी? पुष्कळ घरांत यावरून गोंधळ होतो, वस्तुतः कारण नाही. वाराचे बदलणे घड्याळावर व जागेवर अवलंबून असते. तिथी मात्र सूर्य व चंद्र यांच्यामधील अंतरावर. ते अंतर बारा अंशांनी वाढले की तिथी पालटते, आणि ती साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी पालटते. म्हणून ज्या तिथीस अण्णा गेले ती अमरावतीस जी होती तीच कॅलिफोर्नियातही होती. फक्त ती तिथी तिकडच्या कोणत्या दिवशी व दुपारच्या कोणत्या वेळी येते, एवढे तिकडच्या गणिताचे पंचांग पाहून ठरवावे लागते. इतक्या लांब कशाला? अमरावती व अकोला यांच्यामध्येही पाऊण अंशाचा फरक आहे. अमरावतीच्या डोक्यावर सूर्य आल्यावर अकोल्याच्या डोक्यावर येण्यास तीन मिनिटे लागतात. घड्याळे एक असल्यामुळे आपणांस ते कळत नाही. हे ऐकून आमच्या मेहुण्यांनी अकोला तीन मिनिटे मागे असल्याची गोष्ट अमरावतीच्या मंडळींनी मुद्दाम पसरविली असावी, असा शेरा मारला.

वहिनी आता अमरावतीस एकट्याच राहतात. मुलाने पुष्कळ आग्रह केला, पण कायमचे तिकडे जाणे त्यांस रुचत नाही. २०२५ च्या पावसाळ्यात त्या प्रथमच बेलोऱ्याहून विमानात बसल्या व मुंबईमार्गे मुलाकडे तीन महिने राहून आल्या. परतताना शुक्रवारी रात्री निघाल्या त्या रविवारी पहाटे मुंबईस उतरल्या. मधला शनिवार जवळजवळ सारा आकाशातच गेला. शनिवारचा उपवास केला, पण तो कोणत्या गावच्या घड्याळाने सोडावा हे कळेना, म्हणून मुंबईस उतरूनच सोडला, असे त्यांनी आम्हांस सांगितले.

त्यांच्या देवघरात अण्णांचे जुने किल्लीचे घड्याळ आहे. ते अर्धा तास मागे असते. नवा मनुष्य ते दुरुस्त करावयास जातो, तर वहिनी त्याला हात लावू देत नाहीत. कॅलिफोर्निया उन्हाळ्यात आपल्या साडेबारा तास मागे असते. तेव्हा काटे अर्धा तास मागे ठेविले की तिकडची वेळ बरोबर दिसते, दिवसाची रात्र तेवढी मनाने करावयाची. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर मागे जातात. त्या दिवशी वहिनी स्टुलावर चढून काटा आणखी एक तास मागे नेतात, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा तासभर पुढे आणतात. पडतील म्हणून आम्ही ते काम आमच्या मुलाकडे देण्यास सुचविले होते. त्यांनी ऐकले नाही.